तीन मजल्यांपुरता गुडघा

६ सप्टेंबर

काल हिला घरी आणलं. उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी आतला फोटो दाखवला. चकचकीत, नीट बसलेला, अगदी नव्या बेअरिंगसारखा. जन्मभर माझ्या दुकानात पंपांच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग केलंय मी, तार नव्याने गुंडाळलीय, चांगलं बसलेलं बेअरिंग मला कळतं. तसं डॉक्टरांना म्हटलं, तर ते हसले. ही हसली नाही.

दुकान विकल्यापासून हातात पेन धरायची वेळ आली नव्हती. आता दिवसभर हिच्यापाशीच बसायचंय, तर चार ओळी लिहाव्यात म्हटलं.

एक कोडं मात्र सुटत नाही. कैक वर्षं मी हिच्या मागे लागलो होतो, करून टाक म्हणून. ऐकायची नाही. तळमजल्यावर घर, दूध दारात, भाजी दारात, कुठे जायचंय मला, म्हणायची. आणि या उन्हाळ्यात एका सकाळी चहा ओतता ओतता म्हणाली, "अहो, गुडघा करून घेऊ या. जवळातली जवळची तारीख मागा." कारण विचारलं तर म्हणे, कंटाळा आला लंगडायचा. बायकांच्या मनात कधी काय येईल, सांगता येत नाही.

९ सप्टेंबर

फिजिओबाई घरी आल्या होत्या. वयाने लहान, पण बोलणं रोखठोक. हिला पलंगावर आडवं करून म्हणाल्या, पाय सरळ ठेवून टाच वर उचला. हिने जोर लावला. तोंड लाल झालं, मान ताठ झाली, हाताच्या मुठी वळल्या. टाच चादरीवरून हलली नाही. मला वाटलं, ऑपरेशन बिघडलं.

बाई म्हणाल्या, गुडघा उत्तम आहे, मांडी झोपलीय. गुडघ्यावर चिरफाड झाली, सूज आली, की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप बंद पडतो. स्नायू शाबूत असतो, पण त्याच्यापर्यंत हुकूम पोचत नाही. तो जागा होईपर्यंत बाहेरून करंट द्यायचा. त्यासाठी एक मशीन मिळतं. करंट आला की मांडी आवळते, त्याच वेळी पेशंटनेही आपला जोर लावायचा. नुसतं पडून राहिलं तर उपयोग नाही.

करंट म्हटल्यावर माझे कान टवकारले. ही म्हणाली, "मी काय जळालेली मोटार आहे?" पण चेष्टा करण्याइतका जीव त्या आवाजात नव्हता.

जाताना बाईंनी विचारलं, बरं झाल्यावर काय करायचंय? कुणी सांगतं बाजारात जायचंय, कुणी म्हणतं जमिनीवर बसायचंय. त्यावर सगळा व्यायाम ठरतो म्हणे. ही लगेच म्हणाली, "तीन मजले चढायचे."

मला हसूच आलं. म्हटलं, अगं, आपण तळमजल्यावर राहतो. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. बाईंना विचारलं, "कधीपर्यंत जमेल?" बाई म्हणाल्या, ज्याचं त्याचं शरीर, घाई करून चालत नाही.

११ सप्टेंबर

मशीन आलं. तळहाताएवढं, दोन वायरी, चार चिकट पॅड. माहितीपत्रक दोनदा वाचून काढलं. करंट थोडा वेळ येतो, मग विश्रांती, मग पुन्हा येतो. साधं, सुटसुटीत काम.

बाईंनी दाखवलं होतं तसे मांडीवर पॅड लावले, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. बटण हळूहळू चढवत गेलो. आधी मुंग्या आल्या, म्हणाली. मग एकदम मांडीचा गोळा वर आला, गुडघ्याची वाटी वर सरकली आणि पाय आपणहून ताठ झाला. बंद पडलेल्या मोटारीचा पहिला फेरा बघताना व्हायचं तसं मला झालं. हिच्याकडे पाहिलं तर डोळ्यांतून पाणी. दुखतंय का विचारलं. म्हणाली, "नाही. चालतंय हे. बरं झालं."

२० सप्टेंबर

सोसायटीने जिन्याला रंग द्यायला माणसं पाठवली. मी त्यांना आमच्या दारासमोरचा पट्टा सोडून द्यायला सांगितलं, पेशंट आहे म्हणून. खरं सांगायचं तर रंगाऱ्यांना बघितलं की माझं डोकं फिरतं.

कारण इथे लिहून ठेवायला हरकत नाही. आमची एकुलती एक मुलगी एका रंगाऱ्याबरोबर गेली. हात काय होता पोरीचा! कॉइल माझ्यापेक्षा नीट गुंडाळायची. दुकान तिलाच देणार होतो. मी फक्त एवढंच म्हटलं होतं, की आज या उंबऱ्याबाहेर पाय टाकलास तर परत आत टाकायचा नाही, आणि आम्हीही तुझ्या दारात येणार नाही. तिने टाकला. आता त्याला मी काय करणार? तेव्हापासून या घरात तिचं नाव निघत नाही. हिनेही कधी काढलं नाही. तेवढं हिचं शहाणपण मी मानतो.

२३ सप्टेंबर

टाच उचलली! वीतभर नाही, पण चादर आणि टाच यांच्यामधून माझी बोटं गेली. फिजिओबाईंनी टाळ्या वाजवल्या.

मेव्हणी आली होती, हिची धाकटी बहीण. हल्ली सारखी येते. दोघी आत कुजबुजत बसतात, मी चहा घेऊन गेलो की गप्प. आज दारातून एवढंच ऐकू आलं, "जिन्यात अजून तसाच अंधार आहे का?" मी आत जाऊन मेव्हणीला म्हटलं, तुमच्याकडे तर लिफ्ट आहे, कसला जिना?  मग मेव्हणी म्हणाली, लिफ्ट अधूनमधून बंद असते. मग मला उलगडा झाला. हिला बहिणीकडे जायचंय, आणि लिफ्टचा भरवसा नाही. तीन मजल्यांचं कोडं सुटलं. आधीच सांगायचं की.

३० सप्टेंबर

आज माझ्या हातून चूक झाली. चूक म्हणजे, दोघांच्याही हातून.

सकाळी मशीन लावलं. नेहमीच्या आकड्यावर आल्यावर ही म्हणाली, "अजून वाढवा." वाढवलं. "अजून." मला बरं वाटलं. आजवर माझ्या कामात हिने कधी रस घेतला नव्हता, आता करंटची किंमत कळली म्हटलं. दुखतंय का विचारत होतो, तर मान हलवून नाही म्हणायची. उशीचा कोपरा दातात धरलेला मला दिसत होता, पण हट्टी आहेच ती आधीपासून.

पॅड काढले तर एका पॅडखाली कातडी लालभडक, मधोमध फोड. पॅड जुने झाले होते, कडा सुटल्या होत्या. सगळा करंट उरलेल्या चिकट भागातूनच जात होता. एवढं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं. सैल जोड तापतो, हे मी पोरीला ती दप्तर घेऊन दुकानात यायची तेव्हापासून शिकवत होतो.

फिजिओबाई चिडल्या. फोड बरा होईपर्यंत मशीन बंद. ही म्हणाली, माझंच चुकलं, मीच सांगितलं वाढवायला. मग बाईंचा हात धरून विचारत राहिली, दुसरीकडे पॅड लावता येतील का, पोटरीला लावून काही होईल का. बाई नाही म्हणाल्या. त्या गेल्यावर ही भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही.

६ ऑक्टोबर

दुपारी बँकेतून आलो तर पलंग रिकामा, वॉकर जागेवर. बाहेर बघतो तर ही जिन्याच्या पहिल्या वळणावर, दोन्ही हातांनी कठडा धरून उभी. वर जाता येत नव्हतं, खाली येता येत नव्हतं. उजवा पाय नुसता थरथरत होता. किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. कठड्याला आजच रंग दिला होता, त्याचे ओले डाग हातांना लागले होते.

उचलूनच खाली आणली. माझा तोल सुटला. पडली असतीस तर सगळं ऑपरेशन पाण्यात गेलं असतं, तुला घाई कसली झालीय, कोण वाट बघतंय तिथे, असं बरंच बोललो. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "अहो, वेळ नाहीये."

वय झालं की असे विचार मनात येतात. मी समजूत घातली, म्हटलं अजून पुष्कळ वर्षं आहेत आपल्याला.

१५ ऑक्टोबर

फोड वाळला. नवे पॅड आणले. मशीन पुन्हा सुरू, पण आकडा फिजिओबाई सांगतील तोच.

आज हिने बाईंना एक वेगळाच प्रश्न विचारला. एखादा माणूस उठूच शकत नसेल, पाय काड्यांसारखे झाले असतील, तर त्याला या मशीनचा उपयोग होईल का? बाई म्हणाल्या, पाय कशाने गेले त्यावर आहे. कण्यातच काही असेल तर फार नाही, पण डॉक्टरांना विचारून लावायला हरकत नसते. माझ्या थोरल्या भावाचं म्हणते आहे की काय, असं मला वाटलं. तो अंथरुणाला खिळून गेला. पण त्याला आता किती वर्षं झाली.

१९ ऑक्टोबर

मशीन जागेवर नाही. सगळं घर पालथं घातलं. शेवटी ही म्हणाली, छोटीला दिलंय, तिच्या शेजारी एक आजारी बाई आहे, दोन दिवस बघू दे. छोटी म्हणजे मेव्हणी. मी संतापलो. इकडे तुझी मांडी जागी होतेय आणि तू मशीन वाटत फिरतेस? वर कुणाचं दुखणं आहे, काय आहे, विचारलंसही नाही. ही टॉवेलची गुंडाळी उलगडून घडी घालत बसली.

२१ ऑक्टोबर

मशीन परत आलं. एका बाजूला निळ्या रंगाचा थेंब वाळलेला. टर्पेंटाइनने पुसून काढला. मेव्हणीच्या शेजारी रंगकाम निघालेलं दिसतं. आजारी माणसाच्या घरात रंगकाम, काय म्हणावं! त्या बाईला उपयोग झाला का, असं हिला विचारलं. म्हणाली, "नाही झाला. पण पाय हललेला दिसला तेव्हा हसली म्हणे."

३ नोव्हेंबर

काठी घेऊन चालते आता. जिन्याच्या वळणापर्यंत माझ्या देखरेखीखाली रोज चढते-उतरते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. मी खाली एका पायरीवर हात पसरून उभा असतो. शेजारचे विनोद करतात, म्हातारा म्हातारीला झेलायला उभा. करू देत.

फिजिओबाई खूश आहेत. हिचा चेहरा मात्र उतरत चाललाय. फोन वाजला की दचकते.

८ नोव्हेंबर

ही बहिणीकडे राहून आली. चारच दिवस, पण घर खायला उठलं होतं. भात दोनदा करपवला.

रिक्षातून उतरताच म्हणाली, "चढले." तीनही मजले? तीनही. मला काय आनंद झाला! खोदून खोदून विचारलं. लिफ्ट बंद होती का? काठी भिंतीला टेकवत म्हणाली, "जिनाच होता." कठडा? एकाच बाजूला. मध्ये बसलीस? वळणावर बसले, पुन्हा उठले. गुडघा दुखला? "कळलं नाही."

फिजिओबाईंना फोन करून सांगितलं. माझ्या दुकानातून इतक्या मोटारी बाहेर पडल्या, पण एवढा अभिमान एकीचाही वाटला नसेल. ही आल्यापासून अंथरुणात आहे. थकली असेल. उशी ओली होती, घाम आला असणार. पुढच्या आठवड्यात परत जाते म्हणाली. मी म्हटलं, जा की, आता कोण अडवतंय.

१३ नोव्हेंबर

काल सकाळचं लिहायचं आहे. 

ही पलंगावर, मांडीला पॅड, मी बटणापाशी. फोन वाजला. मेव्हणी होती आणि तिला बोलताच येत नव्हतं. मी फोन हिच्या हातात दिला. हिने ऐकलं, "बरं" म्हणाली, एवढंच. फोन छातीवर ठेवला. मांडी आवळत होती, सुटत होती. मग म्हणाली, "मशीन बंद करा."

बंद केलं.

"आपली मुलगी गेली," म्हणाली.

कुठे गेली, असं मी विचारलं. खरंच विचारलं.

मग सगळं सांगितलं. आवाज न चढवता, किराणा सांगावा तसं. गेल्या वर्षापासून पोरीच्या कण्यात गाठ होती. कमरेखालचं सगळं गेलं होतं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हलवलं की ओरडायची, म्हणून खाली आणता येत नव्हतं. "मला खुर्चीत बसवून वर न्यायला निघाला होता तो. वळणावर खुर्ची फिरेना. तिला खाली येता येईना, मला वर जाता येईना. म्हणून गुडघा केला."

मला का नाही सांगितलंस, म्हटलं. ही पॅड काढत होती. एक एक वायर सोडवून, गुंडाळून ठेवली. म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात ना, आम्हीही येणार नाही म्हणून."

मी तेव्हा रागात होतो, हे हिला कळायला हवं होतं.

तिकडे गेलो. अरुंद, अंधारा जिना. मी भरभर वर पोचलो. दारात उभं राहून खालून हिच्या काठीचा आवाज ऐकत राहिलो. हात द्यायला खाली जावं हे सुचलंच नाही. तिला वर यायला खूप वेळ लागला, आणि ती येईपर्यंत मी आत गेलो नाही. त्या रंगाऱ्याने आतून स्टूल आणून ठेवलं. बसा म्हणाला. मी उभाच राहिलो.

खोली एवढीशी. भिंतींचे पोपडे निघालेले, आणि छत मात्र नवं कोरं, निळं, कडेला पांढऱ्या ढगांची बारीक कलाकुसर. कामाची ही उलटी पद्धत कुठून शिकला कोण जाणे. आधी भिंती करायला हव्या होत्या.

पोरगी ओळखू येत नव्हती. हात तेवढे तेच होते.

२७ नोव्हेंबर

हिने व्यायाम सोडला. काठी कोपऱ्यात. फिजिओबाई दोनदा येऊन गेल्या. म्हणाल्या, आत्ता सोडलंत तर मांडी परत झोपेल, केलेलं सगळं वाया जाईल. हिने त्यांना चहा दिला. 

माझ्याशी बोलते. मीठ आहे का, बिल भरलं का. तेवढंच.

रंगारी एकदा आला, पण दाराबाहेरच थांबला. हिला भेटायला आला होता. मी आत या म्हणालो नाही, नको असंही म्हणालो नाही. दोघं बाहेर जिन्याच्या पायरीवर बसले होते बराच वेळ. हिला उठवताना त्याने कोपराखाली हात कसा दिला, ते खिडकीतून दिसलं. बरोबर दिला. बाईंनी शिकवलाय तसाच.

६ डिसेंबर

आज सकाळी ही स्नानघरात जाताना पाय लटपटला. दाराची चौकट धरली म्हणून वाचली. मी मशीन काढलं, पॅड लावायला बसलो. नको म्हणेल वाटलं होतं. पाय पुढे केला.

मांडी बारीक झालीय पुन्हा. फोडाचा डाग राहिलाय. डाग टाळून पॅड लावले, बटण चढवलं. गोळा आला, सुटला, पुन्हा आला. जोर लाव म्हटलं. लावत होती की नाही, कळलं नाही.

तीन आठवडे एक प्रश्न विचारायचा राहिला होता. आज तिच्याकडे न बघता, मशीनकडे बघत विचारला. तू गेली होतीस तेव्हा, त्या दिवसांत, माझी आठवण काढली का तिने? काही विचारलं का?

 करंट येऊन गेला, विश्रांती झाली, पुन्हा आला.

"एकदाच," म्हणाली. "माझ्या गुडघ्यावरून हात फिरवत होती. तेव्हा म्हणाली, बाबांचे पाय कसे आहेत?"

"मग तू काय सांगितलंस?"

"बरे आहेत म्हटलं. त्यांना पायाचा त्रास कधीच नव्हता."

मला एकदम भरून आलं. एवढ्या दुखण्यातही पोरीला माझ्या पायांची काळजी. हिला तसं म्हटलंही. ही माझ्याकडे बघत राहिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटून घेतले आणि मशीनची वेळ संपेपर्यंत उघडले नाहीत.

पॅड काढून, पुसून, त्यांच्या कागदावर चिकटवले. वायरी गुंडाळल्या. मग चहा करायला उठलो, आणि ओट्यापाशी उभा राहिलो. किती वेळ उभा होतो माहीत नाही. चहा केलाच नाही. आतून ही विचारत होती, अहो, काय झालं. मी माझ्या पायांकडे बघत होतो. त्या दिवशी तीन मजले भरभर चढून गेले होते ते.